तारीख भरत आली आणि सुया घ्यायच्या आहेत? मग कामं या क्रमाने करा

तारीख जवळ येते, कळांचा पत्ता नसतो, आणि कुणीतरी सांगतं की अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया घेतल्या की दोन दिवसांत मोकळी होशील. मग घरातून पहिला फोन जातो तो सुया देणाऱ्याला. तारीख बरोबर आहे का, बाळ कसं आहे, पाऊस लागला तर दवाखाना गाठायचा कसा, हे प्रश्न नंतर निघतात, कधी निघतच नाहीत. प्रसूतिकक्षात काम करताना हा उलटा क्रम मला वारंवार दिसतो. सुयांमुळे थेट नुकसान झालेलं फारसं दिसत नाही. नुकसान होतं ते सुयांच्या भरवशावर बाकीची कामं राहून गेल्यामुळे. म्हणून कोकणातल्या गर्भवतींसाठी हा लेख.

## आधी हे समजून घ्या: सुया किती करतात

२०१७ साली कॉक्रेन संस्थेने या विषयावरचे २२ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत ३,४०० हून जास्त स्त्रिया होत्या. निष्कर्ष असा, की अ‍ॅक्युपंक्चर किंवा अ‍ॅक्युप्रेशरने (म्हणजे सुयांऐवजी बोटाने दाब देण्याने) सिझेरियनचं प्रमाण कमी होतं असं दिसलं नाही. गर्भपिशवीचं तोंड मऊ व्हायला, तयार व्हायला सुयांनी थोडी मदत होत असावी, एवढंच काही अभ्यासांत आढळलं.

म्हणजे सुया कळा 'आणतात' असं धरून चालू नका. शरीर तयार होत आलं असेल तर थोडा हातभार लागू शकतो, शिवाय अनेकींना झोप बरी लागते, कंबर हलकी वाटते. एवढ्यासाठी घ्यायच्या असतील तर जरूर घ्या. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी किंवा भरती टाळण्यासाठी मात्र घेऊ नका.

## टप्पा १: तारीख पक्की करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश थांबा.

आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' तोंडात बसलंय. दवाखान्यातला हिशोब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवसांचा, म्हणजे ४० आठवड्यांचा असतो. सोपी रीत अशी: पाळीच्या पहिल्या दिवसात ७ मिळवा आणि तीन महिने मागे जा. पाळी १० जूनला आली असेल तर तारीख १७ मार्च. याच हिशोबाने ३९ आठवडे १० मार्चला पूर्ण होतात आणि ४१ आठवडे २४ मार्चला. या तीनही तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा करून ठेवा.

पाळीची तारीख पुष्कळदा सणावरून लक्षात असते. 'गौरी विसर्जनानंतर चार दिवसांनी', 'शिमग्याची पालखी घरी आली तेव्हा'. चालेल. पण त्या वर्षीचं कॅलेंडर काढून तिचं इंग्रजी तारखेत रूपांतर करा. तिथी दर वर्षी पुढेमागे होते, आणि अंदाजाने महिना धरला की पंधरा दिवसांचा फरक सहज पडतो.

पाळी अनियमित असेल किंवा आठवतच नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी प्रमाण माना. त्या वेळी बाळाची लांबी मोजून काढलेली तारीख सर्वांत भरवशाची असते. ९ ते १३ आठवड्यांतल्या सोनोग्राफीची तारीख पाळीच्या तारखेपेक्षा सात दिवसांहून जास्त वेगळी आली, तर डॉक्टर साधारणपणे सोनोग्राफीची तारीख धरतात.

नेहमीची चूक: आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर छापलेली तारीख खरी धरणं. त्या वयात मशीन बाळाच्या आकारावरून वय काढतं, आणि बाळं लहानमोठी असतात. त्यात तीन आठवड्यांपर्यंत चूक होऊ शकते. बाळ मोठ्या अंगाचं असेल तर कागदावर 'दिवस भरले' दिसतं आणि प्रत्यक्षात ते ३७ आठवड्यांचं असतं. पहिली पक्की ठरलेली तारीख पुढच्या कुठल्याही सोनोग्राफीने बदलत नाही. चार कागदांवर चार तारखा असतील तर सगळे कागद घेऊन डॉक्टरांकडून एकच तारीख लिहून घ्या.

तपासा: ३९ आठवडे पूर्ण झालेत का? नसतील तर सुया नाहीत, दाबही नाही. 'पोट फार जड झालंय', 'चांगला दिवस आहे', 'नवऱ्याची रजा संपतेय' ही कारणं पुरेशी नाहीत. शेवटच्या दोन आठवड्यांत बाळाची फुप्फुसं आणि मेंदू अजून घडत असतात.

## टप्पा २: डॉक्टरांची तपासणी आणि स्पष्ट होकार

सुयांच्या आधी, त्याच आठवड्यात, एक तपासणी झालेली हवी. रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके (मिनिटाला ११० ते १६०), बाळाचं डोकं खाली आहे का, गर्भजल पुरेसं आहे का, वार (प्लासेंटा) कुठे आहे. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. तारीख जुळत असेल तर तिचा उपयोग करा, आशाताईंना आधी सांगून ठेवा.

डॉक्टरांना सरळ विचारा: "मला अ‍ॅक्युपंक्चर घ्यायचंय, माझ्या बाबतीत काही हरकत आहे का?" लपवून घेऊ नका. डॉक्टर रागावतील म्हणून न सांगणाऱ्या पुष्कळ जणी असतात. रागावले तर रागावू देत. त्यांना माहीत असणं तुमच्या हिताचं आहे.

पुढीलपैकी काहीही असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय सुया घ्यायच्या नाहीत:

- वार खाली, पिशवीच्या तोंडावर असणं, किंवा अंगावर रक्त जाणं
- आधीचं सिझेरियन किंवा पिशवीवरची दुसरी शस्त्रक्रिया
- बाळ आडवं किंवा पायाळू, किंवा जुळं
- रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त
- बाळाची वाढ कमी असणं, गर्भजल कमी असणं
- रक्त पातळ करण्याची औषधं, प्लेटलेट कमी असणं, रक्त लवकर न थांबण्याचा त्रास
- पाणमोट फुटलेली असणं

या तपासणीतच पिशवीच्या तोंडाबद्दल विचारा: किती मऊ, किती उघडलं, बाळाचं डोकं किती खाली. डॉक्टर त्याला गुण देतात, त्याला बिशप गुणांक म्हणतात. आठ किंवा त्याहून जास्त गुण असतील तर शरीर तयार आहे. सहा किंवा कमी असतील तर अजून वेळ आहे, आणि दोन सुयांत बाळंतपण होईल ही आशा धरू नका.

## टप्पा ३: रस्ता आधी, सुया नंतर

हा टप्पा शहरातल्या लेखांत सापडणार नाही. कोकणात याच्याशिवाय चालत नाही.

समजा सुया घेतल्या आणि त्याच रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. आता काय? गुहागरच्या बाजूला राहता आणि दवाखाना दापोलीत ठरलाय, तर मध्ये धोपावे-दाभोळची फेरीबोट आहे, ती रात्रभर चालत नाही. तवसाळ-जयगडचंही तेच. फेरीबोट नसताना खाडीला वळसा घालून किती तास लागतात, ते दिवसा एकदा जाऊन बघा. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की चिपळूण-खेड रस्ता अडतो. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं तेव्हा गावातल्या गावातही हलता येत नव्हतं. कोल्हापूरकडे जायचं तर आंबा, करूळ, भुईबावडा, आंबोली असा कुठला ना कुठला घाट चढावाच लागतो. गणपतीत महामार्गावर मुंबईकरांच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा एरवीचा तासाचा रस्ता तीन तासांचा होतो.

म्हणून पहिली सुई घेण्याआधी या गोष्टी ठरलेल्या हव्यात:

१. बाळंतपण कुठे, आणि तिथे अडचण आली तर पुढे कुठे पाठवतात. सिंधुदुर्गातून गुंतागुंतीच्या बाळंतिणीला पुष्कळदा गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेतात. हे ऐन वेळी कळण्यापेक्षा आत्ता विचारा. सिझेरियनची सोय आणि भूल देणारे डॉक्टर रात्रीही असतात का, हेही विचारा.

२. गाडी कुणाची. १०८ ला फोन करायचाच, गरोदर मातांसाठी १०२ ची मोफत गाडीही असते. पण शेजारची एक गाडी आणि तिचा चालक यांच्याशी बोलून ठेवा. घरात मोबाईलची रेंज कुठे येते ते सगळ्यांना माहीत हवं.

३. रक्तगट कार्डावर लिहिलेला आहे का, आणि गरज पडली तर रक्त कोण देईल.

४. सामानाची पिशवी भरलेली. माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, आधार, बँकेचं पासबुक, सुती साड्या किंवा गाऊन, पॅड, बाळाची धुतलेली जुनी मऊ कापडं.

जून ते सप्टेंबरमध्ये तारीख असेल आणि दवाखाना तासाभराहून लांब असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ३८ आठवडे झाले की दवाखान्याच्या गावात नातेवाइकाकडे जाऊन राहा. माहेरी पहिलं बाळंतपण करायची रीत चांगली, पण माहेर खाडीपलीकडे असेल तर आई-वडिलांनी लेकीजवळ येऊन राहावं.

तपासा: वरच्या चारपैकी एकही गोष्ट अर्धवट असेल तर सुयांची वेळ पुढे ढकला.

## टप्पा ४: सुया कोण देणार

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि उपचारकांची नोंदणी राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. नंतर हे विचारा: गरोदर बाईंना सुया देण्याचा अनुभव आहे का? काही त्रास झाला तर कुठल्या दवाखान्यात पाठवता? माझ्या डॉक्टरांशी फोनवर बोलाल का? तिसऱ्या प्रश्नाला 'गरज नाही' असं उत्तर आलं तर तिथून उठा.

सुया सीलबंद पाकिटातून, तुमच्यासमोर फोडलेल्या आणि एकदाच वापरून टाकायच्या असाव्यात. मोफत शिबिरात गर्दी असते, घाई असते. तिथे भरल्या दिवसांची बाई नेऊ नका.

उपचारक बाहेरगावहून आठवड्यातून एकाच दिवशी येत असेल तर त्याच्या वारावर तुमची योजना बांधू नका. 'गुरुवारी येतील, तोवर थांबू' म्हणून ४१ आठवडे उलटवायचे नाहीत.

सावधान: बॅटरीच्या यंत्राला जोडून सुयांतून वीज सोडण्याचा प्रकार, बाळाचे ठोके सतत बघण्याची सोय नसेल तिथे घेऊ नका. पोटावर सुया घेऊ नका.

## टप्पा ५: सुया घेण्याचा दिवस

सकाळी बाळाची हालचाल नेहमीसारखी आहे ना, ते आधी बघा. नसेल तर सुयांकडे न जाता दवाखान्यात.

उपाशी जाऊ नका. पेज-भात, घावन असं हलकं खाऊन तासाभराने जा. उपाशीपोटी सुयांनी चक्कर येते, आणि उकाड्याच्या दिवसांत तर हमखास. लघवी करून घ्या. सैल कपडे घाला, पावलापासून गुडघ्यापर्यंत आणि कमरेचा भाग उघडा करता यायला हवा. सोबत एक बाईमाणूस असावी.

झोपायचं ते डाव्या कुशीवर, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी घेऊन, किंवा पाठीला टेकून बसायचं. सपाट उताणं झोपवलं तर सांगा. पिशवीच्या वजनाने मोठी रक्तवाहिनी दबते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

नेहमीच्या जागा अशा: पायाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या वर, हातावर अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे, कमरेखाली माकडहाडाच्या वरच्या भागात, आणि बाहेरच्या घोट्याच्या मागे. सुई केसासारखी बारीक असते. टोचताना मुंगी चावल्यासारखं, मग जडपणा किंवा झिणझिणी. तीक्ष्ण, सरसरत जाणारं दुखणं झालं तर लगेच सांगा, सुई काढून घेतात. सुया साधारण २० ते ३० मिनिटं ठेवतात. काढताना रक्ताचा थेंब येऊ शकतो, कापूस दाबला की थांबतो.

उठताना आधी कुशीवर, मग बसून, मग उभं. पंधरा मिनिटं तिथेच बसा, पाणी किंवा कोकम सरबत घ्या. घरी परतताना दुचाकीवर बसू नका.

तपासा: निघण्यापूर्वी सुया मोजून घ्या. जेवढ्या टोचल्या तेवढ्या निघाल्या पाहिजेत.

एका दिवशी एकच बैठक. पुढची किती दिवसांनी, ते उपचारक आणि डॉक्टर मिळून ठरवतील. लवकर व्हावं म्हणून दोन ठिकाणी जाऊन दुप्पट सुया घेण्याने काही साधत नाही.

## टप्पा ६: सुया नको असतील, तर घरी दाब

अ‍ॅक्युप्रेशर घरी करता येतं, पण टप्पा १ ते ३ यालाही लागू आहेत.

घोट्यावरची जागा शोधायची रीत: पायाच्या आतल्या घोट्याच्या हाडावर गर्भवतीच्याच हाताची चार बोटं आडवी ठेवा, करंगळी हाडाला टेकलेली. पहिल्या बोटाच्या वर, नडगीच्या हाडाच्या लगेच मागे, जिथे दाबल्यावर दुखरं लागतं तीच जागा. इथे सासूबाईंची किंवा नवऱ्याची बोटं वापरली की जागा चुकते, कारण माप तिच्याच हाताचं लागतं.

अंगठ्याने हळूहळू दाब वाढवा, सोसवेल इतकाच. मिनिटभर दाबा, मिनिटभर सोडा, असं चार-पाच वेळा, मग दुसरा पाय. कमरेवर दाबायचं तर तिथे जे दोन खळगे दिसतात त्यांच्या आणि मणक्याच्या मधोमध, ती पुढे झुकून बसलेली असताना, दुसऱ्या कुणीतरी. कळा सुरू झाल्यावर हाच कमरेवरचा दाब वेदना सोसायला अनेकींना उपयोगी पडतो, म्हणून सोबत दवाखान्यात येणाऱ्या बाईने तो आधी शिकून घ्यावा.

सावधान: एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, दुखतेय असं असेल तर तिथे दाबू नका, चोळू नका. रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

## यासोबत काय करायचं नाही

एरंडेल नाही. त्याने जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, आणि कळा आल्या तरी बाई थकलेली असते. लवंग-मिरीचे कडक काढे नाहीत.

मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली कळांची गोळी घरी घेऊ नका. घरी येऊन 'कळांचं इंजेक्शन' देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ही औषधं दवाखान्यात, बाळाचे ठोके बघत, मोजून देतात. घरी दिल्यावर पिशवी अखंड आवळून राहू शकते, फाटू शकते, आणि आई-बाळ दोघांचा जीव जाऊ शकतो. सुयांनी काम झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी इंजेक्शन, हा प्रकार सगळ्यात घातक आहे.

## टप्पा ७: पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा

सुया झाल्या की घरात सगळे कळांची वाट बघतात आणि बाळाच्या हालचालीकडे कुणाचं लक्ष राहत नाही. उलट करा.

रोज ठरावीक वेळी, जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजा. दोन तासांत दहा हव्यात. कमी वाटल्या, किंवा बाळ नेहमीपेक्षा गप्प वाटलं, तर रात्र असली तरी निघा. 'दिवस भरले की जागा कमी होते म्हणून बाळ हलत नाही' हे खरं नाही. हालचालीची तऱ्हा बदलते, पण बाळ शेवटपर्यंत हलत राहतं.

कळा वहीत लिहा. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचं अंतर, आणि कळ किती सेकंद टिकली. खोट्या कळा चालल्याने, कूस बदलल्याने, पाणी प्यायल्याने विरतात. खऱ्या कळा काहीही केलं तरी जवळजवळ येतात आणि जोर धरतात. सुयांनंतर रात्रभर खोट्या कळा येऊन सकाळी थांबल्या तर घाबरू नका, झोप भरून काढा.

लगेच निघा, कळा असोत वा नसोत: अंगावर रक्त गेलं. पाणी गेलं, मग ते थोडं असलं तरी, आणि हिरवट किंवा तपकिरी असेल तर धावतच. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, छातीखाली दुखतंय. ताप आला. पोट दगडासारखं कडक होऊन मध्ये सैल पडतच नाही. पाणी गेलं की लघवी हे कळत नसेल तर पांढरं कापड ठेवून रंग आणि वास बघा, आणि तरीही दाखवून या.

## टप्पा ८: कधी निघायचं

शहरात पहिलटकरणीला सांगतात की पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी कळ, असं तासभर चाललं की या. दवाखाना वीस मिनिटांवर असेल तर ठीक. तुमचा रस्ता तासाहून मोठा असेल, मध्ये घाट किंवा फेरीबोट असेल, किंवा हे दुसरं-तिसरं बाळंतपण असेल, तर इतकं थांबू नका. दहा मिनिटांनी नियमित कळ यायला लागली की गाडी काढा. दवाखान्यातून 'अजून वेळ आहे' म्हणून परत पाठवलं तरी त्या गावातच थांबा.

## टप्पा ९: काहीच झालं नाही तर

पुष्कळदा असंच होतं, त्यात तुमचा दोष नाही. सुयांच्या बैठका वाढवत बसू नका. ४० आठवडे उलटले की डॉक्टर सांगतील त्या दिवसांनी बाळाच्या ठोक्यांची आणि गर्भजलाची तपासणी करून घ्या. ४१ आठवडे पूर्ण झाले की दवाखान्यात भरती होऊन कळा आणण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनाही देते. त्यापुढे वार थकत जाते आणि बाळाला धोका वाढतो. पिशवीचं तोंड बघून डॉक्टर बोटाने पडदे सैल करणं, फुगा घालणं, जेल किंवा सलाईनमधून औषध यांपैकी मार्ग निवडतात.

भरती होताना सिस्टरना सांगा: सुया कधी घेतल्या, कुठे कुठे घेतल्या, शेवटची बैठक कधी, काढा किंवा औषध काही पोटात गेलंय का, आणि बाळाची हालचाल शेवटची कधी जाणवली. हे सगळं कागदावर लिहून माता-बाल संरक्षण कार्डाच्या आत ठेवा, कारण कळांमध्ये बोलायचं सुचत नाही आणि सोबत आलेल्या माणसाला बहुतेक वेळा हे माहीत नसतं.